हिपॅटायटिसचे उपचार चालू असताना मनाची नोंद कशी ठेवायची

उपचाराचा सहावा आठवडा. रिपोर्ट सुधारलेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, उतरलाय, आणि घरात मात्र मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं जातंय. घरच्यांना वाटतं आजारपणाने स्वभाव बदलला. पेशंटला वाटतं आपणच वाईट वागतोय. डॉक्टरांना यातलं काहीच कळत नाही, कारण दहा मिनिटांच्या भेटीत 'बाकी सगळं ठीक?' या प्रश्नाला 'हो' म्हणून माणूस उठतो.

मनाचं मोजमाप रक्तासारखंच करायचं असतं. औषध सुरू होण्याआधी एक आकडा, मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पद्धतीने पुढचे आकडे. एक वही आणि घरातलं एक माणूस एवढं पुरतं. हा लेख जुनाट हिपॅटायटिस बी, सी किंवा डी साठी नुकतेच उपचार सुरू झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

आधी आपलं औषध ओळखा

सगळ्या औषधांचा मनावर सारखा परिणाम होत नाही. त्यामुळे चिठ्ठीवरचं नाव नीट वाचा.

पेगइंटरफेरॉन हे आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे. हिपॅटायटिस बी आणि डी मध्ये ते बहुधा ४८ आठवडे चालतं. मनाच्या बाबतीत सर्वांत जास्त लक्ष यावरच ठेवावं लागतं. हिपॅटायटिस सी साठी हे इंजेक्शन रिबाविरिनसोबत दिलं जायचं, त्या काळात साधारण चौघांतल्या एकाला उपचारादरम्यान नैराश्य यायचं. इंटरफेरॉनमुळे शरीरात एक एन्झाइम जोरात कामाला लागतं आणि ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेला वळतं. सेरोटोनिन ज्यापासून बनतं तो कच्चा माल म्हणजे हेच ट्रिप्टोफॅन. त्यात शरीरभर दाह वाढलेला असतो. ही माहिती घरात मोठ्याने वाचून दाखवा. 'मन घट्ट कर' हा सल्ला इथे का लागू पडत नाही, ते सगळ्यांना एकदमच कळेल.

रिबाविरिनच्या गोळ्यांनी चिडचिड होते, झोप उडते आणि हिमोग्लोबिन उतरतं. आता हिपॅटायटिस सी वर बहुतेकांना इंटरफेरॉन न देता थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या देतात, सोफोसबुविर आणि तिच्या जोडीच्या. त्या बहुधा ८ ते १२ आठवडे चालतात. थकवा, डोकेदुखी, क्वचित झोप न लागणं, एवढ्यावरच बहुतेकांचं भागतं. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांनी मात्र या गोळ्यांवरही नोंद ठेवावी. हिपॅटायटिस बी वरच्या टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या असतात आणि मनावर त्यांचा थेट परिणाम कमी असतो. तिथे त्रास होतो तो रोजच्या गोळीने आजाराची आठवण करून दिल्यामुळे, आणि 'घरच्यांना लागण होईल का' या भीतीमुळे. या गोळ्यांवर असाल तर दर ३ ते ६ महिन्यांनी, रक्ततपासणीच्या दिवशी, खालची प्रश्नावली एकदा भरली तरी पुरे.

पहिल्या डोसच्या आधीची पाटी

सर्वांत जास्त चुकतं ते इथे. औषध सुरू झाल्यावर आठवड्याभराने वही आणली जाते. मग आठव्या आठवड्यात ५ तास झोप लागली तर ती कमी झाली की आधीपासून तेवढीच होती, हे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या डोसच्या आधी निदान ७ दिवस रोजची नोंद करा आणि एकदा पीएचक्यू-९ भरा.

पीएचक्यू-९ म्हणजे नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली. अनेक भाषांत मिळते, पैसे लागत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे. ० म्हणजे अजिबात नाही, ३ म्हणजे जवळजवळ रोज. एकूण बेरीज ० ते २७. ५ च्या खाली फारसं काही नाही, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० आणि त्यापुढे तीव्र. यातून निदान होत नाही. तापमापक जसा ताप दाखवतो, कारण सांगत नाही, तसंच.

याच वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा. पूर्वी नैराश्य, उन्माद किंवा आत्महत्येचा प्रयत्न झाला होता का. दारू किंवा इतर नशा चालू आहे का, किंवा नुकती सुटली आहे का. आणि मनासाठी, झोपेसाठी, फिटसाठी कोणकोणती औषधं चालू आहेत. जुना इतिहास सांगितला तर उपचारच नाकारतील, या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात. सध्या तीव्र नैराश्य असेल तर इंटरफेरॉन सहसा देत नाहीत, हे खरं. पण जुन्या, आटोक्यातल्या त्रासात मानसोपचारतज्ज्ञांना सोबत घेऊन उपचार करता येतात, आणि अनेक पेशंटसाठी इंटरफेरॉनशिवायचे पर्यायही असतात. लपवलं तर डॉक्टर यातलं काहीच ठरवू शकत नाहीत.

औषधांची यादी द्यायचं आणखी एक कारण आहे. मूड स्थिर ठेवायला किंवा फिटसाठी देतात ती कार्बामॅझेपिन हिपॅटायटिस सी वरच्या सोफोसबुविर-वेल्पाटासविरसोबत चालत नाही. ती विषाणूवरच्या औषधाची रक्तातली पातळी पाडते, आणि मग उपचार फुकट जाऊ शकतो. उदासीवरचं 'नैसर्गिक' औषध म्हणून विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीही तेच करते. म्हणून मूडसाठी दुकानातून स्वतःच्या मनाने काहीही घेऊ नका, वनस्पती असली तरी. उलट, आधीपासून चालू असलेली मानसिक आजाराची गोळी स्वतःहून बंदही करू नका. बदल करायचा तो डॉक्टर करतील.

सुरुवातीच्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन आहे ना, तेही बघून घ्या. का, ते पुढे येईल.

रोजची ओळ

रोज झोपायच्या आधी दोन मिनिटं. एका ओळीत पाच गोष्टी: काल रात्रीची झोप तासांत, मूड ० ते १०, चिडचिड ० ते १०, थकवा ० ते १०, आणि औषध घेतलं की नाही. त्यापुढे हवं तर एक वाक्य.

आकड्यांचा अर्थ पहिल्याच पानावर लिहून ठेवा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यातला ५ आणि दहाव्या आठवड्यातला ५ यांची तुलनाच होत नाही. चिडचिडीची पट्टी अशी करता येईल: ० म्हणजे कुणी टोकलं तरी काही वाटलं नाही. ३ म्हणजे आतून राग आला पण गिळला. ५ म्हणजे आवाज चढला आणि नंतर वाईट वाटलं. ८ म्हणजे आवाज चढला आणि वाईटही वाटलं नाही. १० म्हणजे वस्तू फेकली किंवा हात उगारला. मूडची पट्टीही अशीच, तुमच्या रोजच्या जगण्यातून काढलेली: फोन उचलावासा वाटला का, अंघोळ टाळली का, आवडीचं गाणं लावलं आणि मध्येच बंद केलं का.

इंजेक्शनवरच्या आठवड्याचं एक नमुना पान. समजा इंजेक्शन शुक्रवारी रात्री घेतलं. शनिवार: झोप ४, मूड ४, चिडचिड ५, थकवा ९, ताप, अंगदुखी. रविवार: झोप ६, मूड ४, चिडचिड ६, थकवा ७. सोमवार: ६, ५, ४, ६. मंगळवार: ६, ६, ३, ५. बुधवार आणि गुरुवार जवळपास तसेच. आठवडा असा वर येत असेल तर ती इंजेक्शननंतरची नेहमीची फ्लूसारखी पडझड आहे, दीड-दोन दिवसांत ओसरते. पण बुधवार-गुरुवारचा मूडही ३ वर राहिला आणि पुढच्या आठवड्यातही तिथेच दिसला, तर ते इंजेक्शनच्या तापाचं नाही. म्हणून साप्ताहिक तुलना नेहमी पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवसाशी करा. शनिवारचा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही, आणि फक्त शनिवारचाच आकडा डॉक्टरांना दाखवण्यात तर त्याहून नाही.

एक हमखास चूक: रविवारी बसून सातही ओळी आठवून भरणं. उदास माणसाला सगळा आठवडा काळाच आठवतो आणि बरं वाटत असलेल्याला सगळा बरा. राहिलेली ओळ कोरी सोडा. सलग तीन-चार ओळी कोऱ्या असतील तर तीही माहितीच आहे.

औषधाच्या रकान्याला कमी लेखू नका. गोळ्यांवर असाल तर आठवड्यातून एकदा पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. वहीत सगळीकडे 'घेतली' आणि पाकिटात दोन जास्त, हे कधी कधी नैराश्याचं पहिलं लक्षण असतं. 'काय उपयोग' हा विचार तोंडावर यायच्या आधी गोळ्यांच्या हिशेबात दिसतो.

घरातलं दुसरं माणूस

चिडचिड ज्याची होते त्याला ती सर्वांत शेवटी कळते. म्हणून घरातल्या एकाने आठवड्यातून एकदा, पेशंटची वही न बघता, स्वतःच्या कागदावर तेच तीन आकडे लिहावेत: मूड, चिडचिड, थकवा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक चालायचाच. तीन किंवा जास्त गुणांचा फरक दोन आठवडे राहिला तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

हे माणूस कोण असावं, ते पेशंटने ठरवावं. रोज भांडण होणारी व्यक्ती नको. आणि हा कागद हत्यार म्हणून वापरायचा नाही. 'बघ, तुझी चिडचिड ८ आहे' असं भांडणात एकदा जरी म्हटलं, की पुढच्या आठवड्यापासून सगळे आकडे २ येतात.

वेळापत्रक

इंटरफेरॉन किंवा रिबाविरिनवर असाल तर पहिले १२ आठवडे दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ भरा, मग उपचार संपेपर्यंत दर चार आठवड्यांनी. इंजेक्शनवाल्यांनी आदल्याच दिवशी. सुरुवातीच्या आठवड्यांवर एवढा भर का? कारण त्रास दोन टप्प्यांत येतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीराची बाजू बिघडते: थकवा, भूक मरणं, झोप तुटणं. उदासी, रडू येणं, अपराधी वाटणं, लक्ष न लागणं हे बहुधा चौथ्या ते बाराव्या आठवड्यात डोकं वर काढतं. 'तीन आठवडे झाले, काही झालं नाही, आता वही कशाला' असं म्हणून जे थांबतात ते नेमके या टप्प्याच्या तोंडावर थांबतात.

बेरीज करताना आणखी एक गोष्ट बघा. पीएचक्यू-९ मधले तिसरा, चौथा आणि पाचवा हे प्रश्न झोप, थकवा आणि भुकेचे आहेत. औषधानेच त्यांचे गुण वाढतात. म्हणून एकूण बेरजेशेजारी पहिला, दुसरा, सहावा आणि नववा या चार प्रश्नांची वेगळी बेरीज लिहा: रस नसणं, उदास वाटणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं, आणि मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार. एकूण ११, पण या चारांत १, तर शरीराची बाजू जास्त आहे. एकूण ११ आणि या चारांत ७, तर मन खाली चाललंय. ही दुसरी बेरीज काही अधिकृत मोजपट्टी नाही. डॉक्टरांना पटकन दिसावं म्हणून केलेली सोय आहे, आणि ती उपयोगी पडते.

दुसरं काही तर नाही ना?

वाढलेला आकडा दिसला की लगेच 'औषधाने नैराश्य' असा शिक्का मारू नका. तीन गोष्टी हुबेहूब तशाच दिसतात.

थायरॉइड. इंटरफेरॉनने थायरॉइड बिघडू शकते, कधी आधी जास्त आणि मग कमी. जास्त झाली की धडधड, घाम, हात थरथरणं, वैताग. कमी झाली की सुस्ती, थंडी, वजन वाढणं, उदासी. म्हणून टीएसएच सुरुवातीला आणि मग दर १२ आठवड्यांनी. आकडे अचानक बदलले तर पुढच्या तारखेची वाट न बघता मध्येच तपासायला सांगा.

हिमोग्लोबिन. रिबाविरिनने ते पहिल्या २ ते ४ आठवड्यांत उतरतं. जिना चढताना धाप लागते, डोकं हलकं होतं, कशातच जीव लागत नाही. हृदयाचा आजार नसलेल्या पेशंटमध्ये हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं तर डॉक्टर रिबाविरिनचा डोस कमी करतात, ८.५ च्या खाली गेलं तर थांबवतात. हृदयाचा आजार असेल तर त्याच्या आधीच सावध होतात. इथे नैराश्याची गोळी देऊन काही हाती लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक: यकृतामुळे मेंदूवर आलेली ग्लानी. ही सिरॉसिस, म्हणजे यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक झालेलं, असलेल्यांची काळजी आहे. यकृताने गाळायचे पदार्थ, मुख्यतः अमोनिया, मेंदूपर्यंत पोचतात. सुरुवात फसवी असते. माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा राहतो, विसरतो, विनाकारण चिडतो किंवा खुळ्यासारखा हसतो. घरी दोन गोष्टी करून बघता येतात. रोज वहीत एकाच जागी सही करायची आणि तीच ओळ लिहायची. अक्षर विस्कटायला लागलं की मागची पानं शेजारी धरली तर लगेच दिसतं. दुसरी, एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावं सांगायची. १५ च्या पुढे गेली तर ठीक. १० पेक्षा कमी येत असतील आणि आधी तसं नव्हतं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हात पुढे करून तळवे वर उचलल्यावर पंख फडफडल्यासारखे हलत असतील, बोलणं असंबद्ध असेल, तर थेट रुग्णालयात. या अवस्थेत झोपेची गोळी म्हणजे आगीत तेल. सिरॉसिसच्या पेशंटला 'झोप लागत नाही ना, घे अर्धी' म्हणून घरातली कुणाचीही गोळी देऊ नका.

कोणत्या आकड्यावर काय करायचं

एकूण ५ ते ९: वही चालू ठेवा, पुढच्या भेटीत दाखवा. इंटरफेरॉनवर असाल तर आठवड्याला एकदा डॉक्टरांशी किंवा नर्सशी फोनवर तरी बोलणं व्हावं.

१० आणि त्यापुढे, किंवा मागच्या वेळेपेक्षा एकदम ५ ने वाढ: पुढच्या तारखेची वाट न बघता दोन-तीन दिवसांत भेट. मध्यम नैराश्यात डॉक्टर पेगइंटरफेरॉन १८० मायक्रोग्रॅमवरून १३५ किंवा ९० वर आणू शकतात, नैराश्यावरची गोळी सुरू करू शकतात, किंवा दोन्ही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन अशी औषधं यात बरीच वापरली जातात. सिरॉसिसमध्ये त्यांचे डोस कमी ठेवतात, आणि प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्रावाकडे लक्ष ठेवतात. ड्युलोक्सेटिन यकृताच्या आजारात टाळतात. दुसऱ्या कुणी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर यकृताच्या डॉक्टरांना दाखवा. या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी ६ लागतात. तेवढ्या काळात वही जास्तच कामाची, कारण सुधारणा आधी झोपेत दिसते आणि मग मूडमध्ये.

२० आणि त्यापुढे, किंवा नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय कोणतंही उत्तर: त्याच दिवशी संपर्क. एकूण बेरीज कितीही कमी असली तरी. तीव्र नैराश्यात इंटरफेरॉन बंद करतात आणि तातडीने मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात.

याउलट दिशेचा बिघाडही ओळखा. सलग दोन-तीन रात्री जेमतेम झोप, तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, मोठमोठे खर्च, मोठमोठे बेत. वहीत मूड ९ आणि १० दिसतो म्हणून घरचे खूश होतात. हा उन्माद असू शकतो. भ्रम होणं किंवा आवाज ऐकू येणं हे तर आहेच. दोन्हींत त्याच दिवशी फोन.

नवव्या प्रश्नाबद्दल थोडं थांबून. घरच्यांना वाटतं विचारलं तर डोक्यात विचार येईल. तसं होत नाही. सरळ विचारा: 'मरून जावं असं वाटतंय का? कसं, ते ठरवलंय का?' उत्तर 'हो' आलं तर वाद घालू नका, 'पोरांकडे बघ' म्हणू नका. एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्यांचा साठा, विशेषतः पॅरासिटामॉल आणि झोपेच्या गोळ्या, कीटकनाशकं आणि धारदार वस्तू हलवा. त्या दिवसापासून औषधं घरच्याने ताब्यात ठेवून एकेका दिवसाची द्यायची. आणि डॉक्टर मिळत नसतील तर तातडीच्या विभागात जायचं.

गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, आणि हे टेनोफोविर-एन्टेकाविरवाल्यांना दोनदा सांगितलं पाहिजे. हिपॅटायटिस बी मध्ये त्या अचानक थांबवल्या तर विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पुढचं इंजेक्शन नको वाटत असेल तरी ते चुकवण्याआधी फोन करा. डोस कमी करायचा की थांबवायचं, हे एका फोनवर ठरू शकतं.

लहान लहान सोयी

इंजेक्शन रात्री, पुढचा दिवस मोकळा असेल अशा वारी घ्या, म्हणजे तापाचा जोर झोपेत जातो. पॅरासिटामॉल किती चालेल ते आधीच विचारून ठेवा. सिरॉसिसमध्ये सहसा दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत. रिबाविरिनचा दिवसातला दुसरा डोस जेवणासोबतच, पण रात्री उशिरा नको, संध्याकाळी लवकर घ्या, झोपेला बरं पडतं. रोज अर्धा तास चाला, दमलं तर दहा-दहा मिनिटं तीनदा. दारू पूर्ण बंद. मोठे निर्णय, म्हणजे नोकरी सोडणं, घर विकणं, नातं तोडणं, शक्य असेल तर उपचार संपेपर्यंत पुढे ढकला.

उपचार संपल्यावर

शेवटच्या इंजेक्शनबरोबर वही बंद होत नाही. बहुतेकांचा मूड काही आठवड्यांत सावरतो. पण इंटरफेरॉन थांबल्यानंतरच्या सहा महिन्यांतही आत्महत्येच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून २ऱ्या, ४थ्या, १२व्या आणि २४व्या आठवड्यात पीएचक्यू-९ भरा आणि घरच्या माणसाने आपला कागद लिहावा. रोजची ओळ, आकडे पहिल्या डोसच्या आधीच्या पातळीवर परत आले आणि महिनाभर तिथेच राहिले, की सोडायला हरकत नाही.

नैराश्यावरची गोळी चालू असेल तर ती उपचाराच्या शेवटच्या दिवशीच थांबवू नका. ती साधारण काही महिने पुढे चालते आणि हळूहळू उतरवतात. ती कमी करताना पुन्हा रोजची ओळ लिहा, कारण डोस कमी केल्यावर काय झालं, हे डॉक्टर पुढच्या भेटीत विचारणारच आहेत. आणि वही फेकू नका. पुढे कधी दुसरा कोर्स लागला, किंवा थायरॉइडचा त्रास महिन्यांनी उघड झाला, तर कोणत्या आठवड्यात काय सुरू झालं ते त्याच पानांत सापडेल.